शिसं कशात असतं

सोमवारी सकाळी पार्वताबाईंनी घरातल्या सगळ्या शिसपेन्सिली जप्त केल्या. एकूण अकरा निघाल्या. नातवाच्या दप्तरातल्या दोन, मुलाच्या शर्टाच्या खिशातली एक, त्यानं पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून आणलेली अर्धी लाल अर्धी निळी एक, सुनेच्या कॉलेजच्या कंपासपेटीतल्या चार, आणि बाकीच्या कुठून कुठून. एक पलंगाखाली सापडली. तिला टोक नव्हतं, तरी तिलाही सोडलं नाही. सगळ्या पेन्सिली जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून त्यांनी आपल्या पत्र्याच्या पेटीत टाकल्या, कुलूप लावलं आणि दोन्ही हात साबणानं धुतले.

"आई, पेन्सिलीत शिसं नसतं," सून म्हणाली. "ते ग्रॅफाइट असतं. कोळशाचाच एक प्रकार."

"मंग शिसपेन्सिल नाव काब्र ठेवं?"

सुनेचं नाव हेमलता. ती जळगावहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, तीही सेकंड क्लासमध्ये. पण नाव असं का ठेवलं, हे कुठल्याच पेपरात कधी आलं नव्हतं.

"डाक्टरनी सांगं ना, पोऱ्याना आंगमा शिसं शे म्हनीसन?" पार्वताबाई म्हणाल्या. "शिसं कशामा ऱ्हास? शिसपेन्सिलमा. आते तू कॉलेज शिकेल शे, मी काय सांगू तुले."

डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, हे खरं.

भटू सहा वर्षांचा होता. धुळ्याला गल्ली नंबर पाचमधल्या त्या घरात हेमलता लग्न होऊन आली, त्यानंतर दोन गर्भ राहिले आणि गेले, आणि मग हा. चार वर्षांचा होईपर्यंत पोरगं असं तरतरीत होतं की शेजारच्या तानुबाई त्याच्याकडे फार वेळ बघायच्या नाहीत, आपलीच दृष्ट लागेल म्हणून. मग हळूहळू काहीतरी बिघडलं. काय बिघडलं ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. पोट दुखायचं, पण असं नाही की गडाबडा लोळतोय. जेवायचा, पण निम्मं. चेहरा पिठूळ झाला. हाक मारली की 'ओ' द्यायचा, पण जरा उशिरानं, आवाज लांबच्या गावाहून आल्यासारखा. आणि कारण नसताना चिडायचा, इतका की एकदा वरणात मीठ कमी म्हणून वाटीच भिंतीवर मारली.

हे सगळं चाललं असतं. पोरांचं असंच चालतं, असं सगळे म्हणत होते. पण मागच्या दिवाळीत भटूला शंभरपर्यंत आकडे येत होते आणि होळीला तो एकोणतीसवर थांबायला लागला. एकोणतीसनंतर तो हेमलताकडे बघायचा. पुढे काय येतं ते त्याला आठवत नव्हतं, एवढंच नाही. पुढे काही येतं, हेच त्याला ठाऊक नसावं असं ते बघणं होतं.

शाळेतल्या पंडित गुरुजींनी तिला बोलावून घेतलं. "ताई, पोरगं मठ्ठ आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. मग खडूचे हात झटकत म्हणाले, "जूनमध्ये एकदा त्याची तोंडी घेतो. जमलं तर दुसरीत. नाहीतर पहिलीतच बसू द्या आणखी एक वर्ष. किंवा दोन."

ते 'किंवा दोन' हेमलतानं घरी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आलेलं परत जातं कसं? आणि आज आकडे जात असतील, तर उद्या काय जाणार?

मोतीलाल डॉक्टरांचा दवाखाना आग्रा रोडला होता. त्यांच्याकडे एक सूक्ष्मदर्शक होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. तीन महिने लोहाचं टॉनिक पाजूनही भटूचा रंग पालटेना, तेव्हा त्यांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, पाहिला, परत पाहिला, आणि तांबड्या पेशींवर बारीक निळे ठिपके आहेत असं सांगितलं. असे ठिपके त्यांनी शिकत असताना एकदाच पाहिले होते, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसाचे. मग लहानशा बाटलीतून रक्त मुंबईला गेलं आणि अठरा दिवसांनी कागद आला.

"शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "सेहेचाळीस."

"आणि किती हवं?" यादवनं विचारलं. यादव म्हणजे हेमलताचा नवरा. धरणातल्या पाण्याचे आकडे लिहिणं हीच त्याची नोकरी, त्यामुळे आकडा आला की हवा किती आणि आहे किती, हे तो आधी विचारी.

"हवं असं काही नाही. साठपर्यंत चालतं, असं पुस्तक म्हणतं. तेव्हा तसं नॉर्मलच."

"म्हणजे साठपर्यंत काही होत नाही?" हेमलतानं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे साठपर्यंत आम्हांला काही दिसत नाही."

"मग याचं जे चाललंय ते?"

"ते शिशानंच आहे असं कोणी सांगावं? पोट कशानंही दुखतं, ताई. चिडचिड, विसरणं, भूक नसणं, थकवा. थोडं शिसं सगळ्यांच्याच अंगात असतं."

"तुमच्या अंगात किती आहे, डॉक्टर?"

"मी कशाला तपासू?" मोतीलाल डॉक्टर म्हणाले. "कुठून येतंय ते मात्र शोधा. औषध त्याला तेवढंच."

शनिवारी हे झालं, आणि सोमवारी पेन्सिली गेल्या. पार्वताबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शाळेत जाऊन त्यांनी पंडित गुरुजींना गाठलं. गुरुजींनी ऐकून घेतलं, 'शिसपेन्सिल' हा शब्द दोनदा पुटपुटून पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या पहिलीला वही बंद, पाटीच वापरायची, असं फर्मान काढलं. आठवड्याभरात गल्लीतल्या निम्म्या घरांत पेन्सिली उंच फळीवर गेल्या. पोरांना त्यात दुःखाचं काही दिसलं नाही.

हेमलता मात्र वही करून बसली. डाव्या पानावर डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणं लिहिली आणि उजव्या पानावर, ती कोणात दिसतात ते. सुरुवात घरापासून केली. पार्वताबाई चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायच्या. यादव ऑफिसातून आला की अर्धा तास त्याच्याशी बोलायची सोय नसे. शेजारच्या तानुबाईंचं पोट साफ होत नव्हतं. हे तिला वहीत लिहायचं नव्हतं, पण तानुबाई ते रोज सकाळी ओट्यावरून सांगायच्या. वाणी थकलेला होता. पोस्टमन विसरायचा. तिसऱ्या दिवशी उजवं पान भरलं, आणि हेमलताला कळेना की ही शिशाची लक्षणं आहेत की धुळ्याची.

आणि तिला झोप न येण्याचं कारणही हेच होतं. भटूला काही ठळक झालं असतं, ताप, पुरळ, तर तिनं त्या दुखण्याशी भांडण केलं असतं. इथे जे होत होतं ते सगळ्यांना थोडं थोडं असतं त्यातलंच होतं. तिच्या मुलाच्या डोक्यातून कोणीतरी चिमूटभर चिमूटभर उचलून नेत होतं, आणि चिमूट गेल्याची तक्रार कुठे करायची?

मग तिनं शोध सुरू केला. पितळेच्या भांड्यांवर आधी संशय आला. कथलात शिसं मिसळतात हे तिनं कुठेतरी वाचलं होतं. तिनं कल्हईवाल्याला दारात उभं करून विचारलं. तो म्हणाला, "बाई, मी तीन पिढ्यांचा माणूस आहे," आणि धमकीसारखा भाता उचलून निघून गेला. तिनं सगळी पितळ माळ्यावर टाकली आणि ॲल्युमिनियमची भांडी आणली. त्यातलं वरण कोणाला आवडेना. मग नळ पाहिला, तुपाचा डबा पाहिला, रंगीत भोवरा चुलीत घातला. भटू त्या भोवऱ्यासाठी दोन दिवस रडला. पोटदुखी होती तशीच.

"अगं, जाऊ दे ना," यादव म्हणाला. "साठपर्यंत चालतं. आपलं सेहेचाळीस आहे. चौदा शिल्लक आहेत."

"तुमचं धरण आहे का ते?"

यादवनं वर्तमानपत्र उघडलं.

मे महिन्यात ती भटूला घेऊन माहेरी जळगावला गेली. पाच आठवडे राहिली. तिथे ॲल्युमिनियम नव्हतं. वडिलांच्या घरी पितळेचीच भांडी, तशाच कल्हईची. पाणी नळाचंच. जेवण तेच, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. तरी दुसऱ्या आठवड्यात भटूचं पोट दुखायचं थांबलं. तिसऱ्यात त्यानं दुसरी भाकरी मागितली. चौथ्यात, अंगणात गोट्या मोजताना, तो एकोणतीसवर आला, थांबला, तिच्याकडे बघितलं नाही, आणि तीस म्हणाला. एकतीसही म्हणाला. हेमलता स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. ती तशीच उभी राहिली, कारण हलली असती तर त्याला कळलं असतं की कोणी ऐकतंय.

आनंद झाला, पण त्या आनंदाला टेकू नव्हता. इथे नाही असं तिथे काय आहे? तिनं वही काढून दोन्ही घरं शेजारी शेजारी लिहिली, आणि दोन्ही घरं सारखीच निघाली. आईनं सांगितलं, मायेचा फरक. वडिलांनी सांगितलं, हवेचा. यादवचं पत्र आलं, त्यात पार्वताबाईंचा निरोप होता: पेन्सिली बंद केल्या त्याचा गुण.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी ती परत निघाली. सोमवारी गुरुजी तोंडी घेणार होते. एस.टी. पारोळ्याला चहासाठी थांबली. स्टँडवर लोखंडी कठड्याला रंग देण्याचं काम चाललं होतं. जुना रंग खरवडून दोन माणसं त्यावर भगवट तांबडा हात मारत होती. भटू त्या रंगाकडे ओढीनं गेला आणि त्यानं बोट पुढे केलं.

"ओ बाई, पोराला धरा. शेंदूर लागंल."

"शेंदूर?"

"शेंदूरच की. लोखंडाला आधी शेंदूर, मग रंग. नाहीतर गंज धरतो." रंगाऱ्यानं डबा पायानं तिच्याकडे वळवला. "डब्यावर साहेबी नाव असतंय. आपण शेंदूर म्हणतो."

डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: रेड लेड.

हेमलतानं ते वाचलं. रेड लेड तिला चांगलंच माहीत होतं. शिशाच्या तीन अणूंना प्राणवायूचे चार. लिथार्ज, म्हणजे शिशाचं पिवळं भस्म, हवेत तापवून करतात. दुसऱ्या वर्षाला त्यावर बारा मार्कांचा प्रश्न आला होता आणि तिला साडेदहा मिळाले होते. शेंदूरही तिला चांगलाच माहीत होता. तो घरात पुडीत असायचा, मिठाच्या बरणीच्या वरच्या फळीवर. पण रेड लेड इंग्रजीत होतं आणि शेंदूर मराठीत, आणि इतकी वर्षं कॉलेज आणि संसार करूनही या दोघांची कधी भेट झाली नव्हती. ज्या डोक्यात सूत्र होतं त्याच डोक्यानं ती दर शनिवारी सासूबाईंना ती पुडी काढून देत होती.

"बाई, सुटली तुमची गाडी," रंगारी म्हणाला.

गाडी सुटली नव्हती, नुसती हलली होती. ती भटूला घेऊन चढली, आणि धुळ्यापर्यंत तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले.

शेंदराचं प्रकरण असं होतं. दोन नातवंडं पोटातच गेल्यावर पार्वताबाईंनी गल्लीच्या तोंडावरच्या मारुतीला नवस केला होता: नातू दे, चालता-बोलता झाला की सात वर्षांचा होईपर्यंत दर शनिवारी तो स्वतःच्या हातानं तुला शेंदूर लावील. मारुतीनं आपली बाजू पाळली. भटू चार वर्षांचा झाल्यापासून पार्वताबाईही पाळत होत्या. शनिवारी सकाळी त्या परातीत शेंदूर घेत, त्यावर तेल ओतत आणि भटूला शेजारी बसवून दोघं मिळून तो कालवत. भटूचे हात मनगटापर्यंत शेंदरी होत. मग देवळात जाऊन मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, त्याचा हात पोचे तिथवर, तो लावी. आणि मग त्याच हातानं खोबरं-गुळाचा प्रसाद खाई. हात पुसत, पण तांब्याभर पाण्यानं शेंदूर काही जात नाही, आणि आजी म्हणे, राहू दे, देवाचं आहे. भटूला मधली दोन बोटं चोखायची सवय होती.

घरी आल्या आल्या हेमलतानं यादवला सांगितलं.

"तुझी खात्री आहे?"

"साडेदहा मार्कांची."

"आईला तूच सांग," यादव म्हणाला. "मी ऑफिसात साहेबाला सांगू शकतो. आईला नाही."

शनिवारी सकाळी पार्वताबाईंनी परात पुढ्यात घेतली. पाच आठवडे नातू नव्हता, म्हणून नेहमीपेक्षा मोठी पुडी आणली होती. हेमलतानं परातीवर हात ठेवला.

"आई, शेंदरात शिसं आहे."

"शेंदूरमा शेंदूरच ऱ्हास ना व," पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या. "शिसं पेन्सिलमा ऱ्हास. ते मी कुलूपमा ठेयेल शे."

"पेन्सिलीत नसतं. यात असतं."

"ज्याना नावमा शिसं त्यामा नई, आनि ज्याना नावमा नई त्यामा शे. हाई तुम्हना कॉलेजनं शिक्षन?"

खरं म्हणजे शिक्षण नेमकं तेवढंच होतं, पण ते असं ऐकल्यावर हेमलतालाही ते पटण्यासारखं वाटलं नाही. तिला भीती वाटली. उद्या रविवार, परवा गुरुजी, आणि पुढचे सगळे शनिवार. ती उठली.

"भटूला तानुबाईंकडे पाठवते. तुम्ही इथेच बसा, पण लांब. अर्धा तास द्या मला. मग तुम्ही म्हणाल तसं."

कॉलेजात हा प्रयोग कोळशाच्या ठोकळ्यावर करायचे, त्यात बारीक खळगा करून, ज्वाळेवर नळीनं फुंकर मारून. घरी शेगडी होती, कोळसे होते आणि चुलीची फुंकणी होती. तिनं खिडक्या उघडल्या, पदर नाकावर बांधला. एक मोठा कोळसा निवडून सुरीनं त्याला खळी पाडली. चिमूटभर शेंदूर, तेवढाच धुण्याचा सोडा, दोन थेंब पाणी. कोळसा शेगडीतल्या रसरशीत कोळशांवर बसवला आणि बाजूनं फुंकायला लागली. एक दम फुंकायचं, तोंड वळवून खिडकीकडून श्वास घ्यायचा, पुन्हा फुंकायचं.

"पूजाना शेंदूर जाळस," पार्वताबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसती नोंद केली.

शेंदूर काळपटला, पिवळा झाला, उकळल्यासारखा हलला. हेमलताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कॉलेजात तिला यातून निघणारा शिशाचा मणी कधी एका दमात आला नव्हता. शेजारच्या मुलीचा घेऊन तिनं तो बाईंना दाखवला होता. हे तिला आत्ता आठवलं आणि ती आणखी जोरात फुंकायला लागली. आणि मग खळगीत, राखेखाली, काहीतरी चकाकलं. मोहरीएवढं. मग दुसरं, आणि दोन्ही एकमेकांकडे घसरून एक झाली.

तिनं कोळसा चिमट्यानं उचलून फरशीवर ठेवला. गार होऊ दिला. मणी सुरीच्या टोकानं काढून वरवंट्यानं हलकेच ठेचला, तर तो फुटला नाही, चपटा झाला. पुस्तकात होतं तसंच. पुस्तकात पुढचं एक वाक्यही होतं, ते तिला आठवलं: हा मणी कागदावर उमटतो. यादव दारात येऊन उभा होता, वर्तमानपत्र हातात धरून. तिनं चिमट्यात मणी धरला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर घासला.

करडी रेघ उमटली. तिनं पुढे 'भटू' असं लिहिलं. अक्षर बरं आलं नाही, पण वाचता येत होतं.

पार्वताबाईंनी चष्मा लावला. जवळ आल्या. कागद उजेडात धरून पाहिला, मग चिमट्यातला मणी, मग परत कागद.

"हाई तं लिखस," त्या म्हणाल्या.

"हो."

"शिसपेन्सिलगत."

हेमलतानं तोंड उघडलं. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं, उमटणं वेगळं आणि असणं वेगळं, हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं तोंड मिटलं. तिच्या आयुष्यात बी.एस्सी.चा सगळ्यात चांगला उपयोग तिनं त्या क्षणी, गप्प राहून केला.

पार्वताबाई पाटावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "दर शनवारे किती जास त्याना पोटमा?"

"थोडं. अगदी थोडं."

"आनि दोन वरीस."

"हो."

"मी तं लगन व्हयनं तैपासून कालवस." त्यांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "मन्हामा बी व्हई?"

"असेल," हेमलता म्हणाली. परातीशी ती स्वतःही पहिली दोन वर्षं बसली होती, नव्या सुनेचा मान म्हणून. ती भटूच्या आधीची वर्षं होती, हे दोघींनाही माहीत होतं. त्याबद्दल त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, आणि नंतरही नाही.

"नवसनं काय?" यादवनं विचारलं. कोणीतरी विचारायला हवं होतं.

"नवस मी बोलनू, मी फेडसू," पार्वताबाई म्हणाल्या. "आते मी लावसू त्याना बदला. माले कोनती पहिली पास व्हनी शे?"

त्या दिवशी त्या एकट्याच देवळात गेल्या. काय बोलल्या ते मारुतीला माहीत. पण परत येताना त्यांनी गल्लीत घरोघर थांबून सांगितलं की मारुतीला इथून पुढे पोरांचा हात चालणार नाही, पोरांनी शेंदराला शिवायचं नाही, आणि देवळातून आलं की प्रसादाआधी हात साबणानं धुवायचे, तसा कौल झाला आहे. कोणी कारण विचारलं नाही. तानुबाईंनी त्याच संध्याकाळी साबणाची नवी वडी आणली. हेमलतानं दोन महिने तेच सांगितलं असतं तर लोकांनी तिला दोन महिने नुसता चहा पाजला असता. पेन्सिलींचं कुलूप मात्र निघालं नाही. शिसं दोन ठिकाणीही असू शकतं, असं पार्वताबाईंचं म्हणणं होतं.

सोमवारी गुरुजींनी तोंडी घेतली. भटू अठ्ठेचाळीसपर्यंत गेला. गुरुजी म्हणाले, चला, पन्नासला दोनच कमी, आणि त्याला दुसरीत बसवलं. दुसरीच्या वर्गात साठ पोरं होती आणि सहामाहीत भटू सदतिसावा आला. दिवाळीनंतर पुन्हा रक्त मुंबईला गेलं. या वेळी एकतीस.

"आधीही नॉर्मल होतं, आताही नॉर्मल आहे," मोतीलाल डॉक्टर आनंदानं म्हणाले.

"गेलेलं परत येतं का, डॉक्टर?"

"काय गेलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. उलट प्रश्न म्हणून नव्हे, खरंच विचारलं. आता पोरगं जेवत होतं, खेळत होतं, चिडलं तर कारणानं चिडत होतं. सदतिसावा नंबर काही वाईट नाही, यादव स्वतः एकेचाळिसावा यायचा. शेंदूर न लागलेला भटू कितवा आला असता, हे कुठल्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्यासारखं नव्हतं. तसा मुलगा कुठे नव्हताच, ज्याच्याशेजारी याला उभं करून बघावं.

शनिवार चालू राहिले. पार्वताबाई परात घेऊन मागच्या अंगणात एकट्या बसायच्या, कालवून झालं की देवळात जायच्या आणि परत येऊन न्हाणीच्या दाराशी दोन्ही हात पुढे करून उभ्या राहायच्या. हेमलता एका हातानं साबण देई आणि दुसऱ्यानं पाणी ओती. पहिलं पाणी शेंदरी, दुसरं शेंदरी, तिसरं जरा फिकं.

"पुरे व," पार्वताबाई म्हणायच्या. "माले आते काय व्हनार शे?"

"नखं राहिली," हेमलता म्हणायची, आणि पुन्हा ओतायची.